गळाची दोरी: किती जाड, किती बारीक

मागच्या वेळी शेततळ्यातल्या माशांच्या खाद्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर गटांच्या बैठकांमधून एकच प्रश्न फिरून फिरून आला. "ताई, गळ टाकायचा तर दोरी कोणती घ्यावी? दुकानदार विचारतो किती नंबर, आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघतो." तर आज फक्त दोरीबद्दल. ऐकायला हा विषय एवढासा वाटतो, पण चुकीच्या दोरीनं काठी मोडते, मासा जातो, आणि आपल्या तळ्यात तर त्याहून मोठं नुकसान होऊ शकतं. ते पुढं सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी गळाबद्दल बोलतेय ते गटाच्या किंवा घरच्या शेततळ्यापुरतं. माजलगावचं धरण, धनेगावचं मांजरा धरण, अशा पाण्यातला मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो, आणि तो बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतो. तिथं ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना न विचारता काठी घेऊन बसू नका. आणि शिकायचं असेल तर त्यांच्याकडूनच शिका. भोई समाजातल्या म्हाताऱ्या बायांना दोरी नुसती चिमटीत फिरवून जाडी कळते. आपल्याला ते यायला वेळ लागेल, तोवर मोजून काम करू.

दुसरं, गळानं तळं रिकामं होत नाही. सगळा माल एकदम काढायचा तर ओढजाळंच लागतं. मग गळ कशाला? एक तर तिलापिया. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, पण तिलापिया करतो, आणि एकदा सुरू झाला की तळं बोटभर पिल्लांनी भरतं. सगळं खाद्य तीच खातात आणि रोहू तसाच बारीक राहतो. रोज संध्याकाळी तासभर गळ टाकून तिलापिया कमी करत राहिलं तर बाकीच्या माशांना जागा मिळते. दुसरं कारण पैशाचं. जाळं लावलं की व्यापारी एकाच दिवशी येतो आणि भाव तो सांगेल तो. गळावर रोज चार-पाच मासे निघाले तर ते जिवंत, ताजे, गावातच विकले जातात आणि पैसे बाईच्या हातात येतात. कोयत्यावरून पाडव्याच्या सुमाराला परत आलेल्या बायांना तेव्हा हातात काही नसतं. त्या दोन महिन्यांत हे रोजचे पैसे कामाला येतात. (आमच्या गटात दोघी माळकरी आहेत. माशाला हात लावत नाहीत, पण वही त्यांच्याकडंच आहे, आणि त्यांच्या हिशोबातून एक शेपूटसुद्धा सुटत नाही.)

आता दोरी. आपण तिला तंगूस म्हणतो. नायलॉनचा एकेरी, गुळगुळीत, पारदर्शक धागा. दुकानात तंगूस नंबरवर मागू नका. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या रिळावर तसाच असेल असं धरता येत नाही, आणि जाळं विणायच्या सुताचा नंबर तर वेगळाच. रिळावर मिलिमीटरमध्ये जाडी छापलेली असते, ती बघा. शून्य दशांश वीस, पंचवीस, तीस, चाळीस अशी. छापलेलं नसेल किंवा सुटी दोरी असेल तर मुलांची पेन्सिल आणि पट्टी घ्या. पेन्सिलीवर दोरीचे दहा वेढे एकमेकांना चिकटून घाला, वेढ्यावर वेढा चढू देऊ नका. पट्टीनं त्या दहा वेढ्यांची रुंदी मोजा. तीन मिलिमीटर भरली तर दोरी ०.३० ची. चार भरली तर ०.४० ची. एवढं सोपं आहे.

जाडीचं गणित मात्र थोडं फसवं आहे. ०.४० ची दोरी ०.२० च्या दुप्पट जाड, म्हणून दुप्पट मजबूत, असं वाटतं. तसं नाही, ती चौपट मजबूत असते. भाकरीचं बघा. भाकरी आहे त्या जाडीचीच ठेवून दुप्पट रुंद थापायची ठरवली तर पीठ दुप्पट पुरतं का? चौपट लागतं. दोरीचंही तसंच, आत भरलेलं नायलॉन चौपट. साधारण चांगल्या प्रतीची ०.२० ची दोरी तीन किलोच्या आसपास ओढ सोसते, ०.२५ ची साडेचार-पाच, ०.३० ची सहा-सात, आणि ०.४० ची अकराच्या आसपास. पण हे कोऱ्या, कोरड्या, गाठ नसलेल्या दोरीचं. पाण्यात भिजलं की नायलॉन थोडं नरमतं, आणि गाठ मारली की गाठीपाशी ताकद आणखी घटते. म्हणून रिळावरचा आकडा वाचून त्यातला एक तृतीयांश मनातल्या मनात वजा करायचा.

मग बाया म्हणतात, "असं असेल तर चाळीसचीच घेऊ ना, तुटायची भीतीच नको." इथंच थांबा. भीती कशाची हवी ते ठरवू.

तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद आठवा. ५०० मायक्रॉनचा कागद, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ज्वारीच्या धाटाची साल असते तेवढा. त्यावर सगळ्या उन्हाळ्याचं पाणी उभं असतं. गळाचं टोक त्या कागदात अडकलं आणि दोरी जाड असली, तर ओढल्यावर काय होईल? दोरी तुटणार नाही. कागद फाटेल. टाचणीएवढं भोक दिसत नाही, पण ओढून फाटलेली बोटभर चीर पाणी धरत नाही, आणि पाण्याखाली ती शोधायची कुणी? डाळिंबाला किंवा जनावरांना ठेवलेलं पाणी जमिनीत जाईल. माशापायी तळं गेलं असं व्हायला नको. म्हणून आपल्या दोरीला एक नियम: काही अडकलं तर सगळ्यात आधी दोरी तुटली पाहिजे, तीही गळाजवळ. मग काठी, मग कागद, आणि माणूस तर कधीच नाही.

माणूस म्हणते ते उगाच नाही. प्लास्टिकच्या तळ्याचा उतार ओला झाला की शेवाळानं साबणासारखा होतो. पोहता येणारा माणूससुद्धा त्यावरून वर येऊ शकत नाही. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात ऐकतो, त्यात बायका आणि लेकरंच जास्त दिसतात. गळाची काठी हातात असताना मोठ्या माशानं हिसका दिला आणि दोरी काही केल्या तुटत नसली, तर तोल काठावरच्या बाईचा जातो.

म्हणून मी सांगते ती जोडणी दोन भागांची आहे. काठीच्या शेंड्यापासून बहुतेक सगळी लांबी ०.३० ची, आणि शेवटचा हात-दीड हात, जिथं गळ बांधायचा, तो ०.२५ चा. नुसता तिलापिया काढायचा असेल तर शेवटचा तुकडा ०.२० चा चालतो. तळ्यात सायप्रिनस किंवा रोहू किलोच्या वर गेलेले असतील तरी वरची दोरी ०.३५ च्या पुढं नेऊ नका. दोरी तुटली तर बारीक तुकड्यातच तुटते, वरची दोरी वाचते, काठी वाचते, आणि फक्त हातभर तंगूस आणि एक गळ जातो.

वरची दोरी जाड ठेवायचं आणखी एक कारण आहे, वारं. आपल्याकडं बालाघाटाच्या माळावर चैत्रापासून वारं सुटतं ते आखाड संपेपर्यंत. बारीक दोरी वाऱ्यावर पतंगासारखी उडते आणि नवशिकीला गळ पाहिजे तिथं टाकताच येत नाही. जाड दोरीला वजन असतं, ती हाताचा झोका पुढं नेते. पण वजन फार झालं तर काठीच्या शेंड्यापासून दोरी पोटात लोंबते, तरंग्याला आपल्याकडं ओढत राहते, आणि मासा लागला असं उगीच वाटतं. शिवाय जाड तंगूस रिळाचे वेढे सोडत नाही, स्प्रिंगसारखी गुंडाळत राहते. त्यासाठी कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवून दोघींनी दोन टोकं धरून ताणावी. फार ओढू नका, साडीला पीळ देतो तेवढंच.

जपानमध्ये डोंगरातल्या ओढ्यांवर असंच मासे धरायची जुनी रीत आहे, तिला तेनकारा म्हणतात. चक्री नाही, काही नाही. लांब काठी, शेंड्याला बांधलेली दोरी, आणि शेवटी गळ. पूर्वी काठी बांबूची आणि दोरी घोड्याच्या केसांची असे, आणि मासे डोंगरातल्या धर्मशाळा-खानावळींना विकत. म्हणजे तीही पोटापाण्याचीच गोष्ट. आता तिथल्या दोऱ्या कारखान्यातल्या आहेत, पण नवशिक्याला कोणती दोरी द्यावी हा वाद तिथंही तसाच आहे. हलकी दोरी नाजूक पडते पण वाऱ्यात जमत नाही, जड दोरी सहज पडते पण लोंबते. त्यांच्या साडेतीन नंबरच्या दोरीची जाडी काढली तर ०.३१ मिलिमीटरच्या जवळ येते. म्हणजे आपण घरात पेन्सिल-पट्टीनं जिथं येऊन पोचतो, तिथंच तेही पोचलेत.

आणि लांब कशाला जायचं? आपला हा मुलूख ज्या चालुक्य राजांच्या ताब्यात होता, त्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात गळानं मासे धरण्यावर एक सबंध प्रकरण आहे. मासे कोणते, त्यांना काय चारावं, काठी आणि दोरी कशी असावी. राजाला तो खेळ होता, आपल्याला तो भाजीचा प्रश्न आहे, एवढाच फरक.

आता काठी. दोरी आणि काठी यांची जोडी जमली पाहिजे, म्हणून दोरी घेण्याआधी काठीची परीक्षा करा. बारा फुटांची, शेंड्याकडं निमुळती, भरीव वेळूची काठी घ्या. पोकळ कळक नको, तो पेरावर फुटतो. काठीच्या शेंड्याला जाड सुतळीनं पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली बांधा आणि गळ टाकताना धरतो तशी धरून उचला. एका लिटरचं वजन एक किलो. दोन्ही हातांत दोन फुटांचं अंतर असेल आणि पुढच्या हातापासून शेंडा दहा फूट असेल, तर शेंड्याच्या एका किलोसाठी मागच्या हाताला पाच किलोचा जोर लावावा लागतो. दोन बाटल्या बांधल्या की दहा किलो. आमच्या बैठकीत दोन बाटल्यांपुढं कुणीच गेली नाही, आणि त्या सगळ्या ऊस तोडलेल्या बाया आहेत, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढणाऱ्या. म्हणजे काठीनं तुम्ही दोन किलोपेक्षा जास्त ओढूच शकत नाही. मग अकरा किलोची दोरी बांधून करायचं काय? भिजलेली, गाठ मारलेली ०.२५ ची दोरीही तीन किलो सोसते. तेवढी पुरते.

"पण मासाच तीन किलोचा असला तर?" हा प्रश्न येतोच. पाण्यात माशाचं वजन जवळपास नसतंच, पाणी त्याला उचलून धरतं. दोरीला जाणवते ती त्याच्या शेपटीची ताकद, आणि ती काठी वाकून झेलते. काठी उभी धरा, तिला वाकू द्या, माशाला दमू द्या. दोरी तुटते ती बहुतेक मासा पाण्याबाहेर उचलताना, कारण तिथं सगळं वजन एकदम येतं. म्हणून मासा काठीनं उचलायचा नाहीच. दुसरीनं लांब दांड्याची झोळी पाण्यात धरायची आणि मासा तिच्यात घ्यायचा. म्हणजे या कामाला दोघी लागतातच, आणि ते बरंच आहे, कारण शेततळ्यावर एकटीनं जायचंच नाही.

लांबी काठीएवढी ठेवा. काठी उभी केली की गळ आपल्या हाताशी आला पाहिजे. शिकाऊ बाई दोरी लांब करते, मग गळ मागं झुडपात अडकतो किंवा पदरात. तळ्याचं पाणी वैशाखात खाली गेलं की बारा फुटांची काठी पुरत नाही, तेव्हा दोरी वाढवून उतारावर उतरायचा मोह होतो. उतरू नका. तेव्हा गळाचा हंगाम संपला असं समजा आणि जाळंवाल्याला बोलवा.

गाठ. साधी गाठ तंगूसला चालत नाही, ती स्वतःच दोरी कापते. गळाच्या डोळ्यातून दोरी ओवा, टोक मूळ दोरीभोवती पाच वेळा गुंडाळा, मग गळाच्या डोळ्याजवळ जे पहिलं भोक राहिलं त्यातून टोक परत घ्या. आवळण्याआधी गाठीला थुंकी लावा. हसू नका, कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तिथंच कमजोर होते. गळ लहान घ्या, आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका. मासा थोडा जास्त सुटेल, पण बोटात गळ घुसला तर तो सरळ बाहेर येईल, आणि आपल्याकडं दवाखाना काही शेजारी नसतो.

तरंग्याला विकतचं काही नको. ज्वारीच्या धाटाचा भेंड वीतभर कापून घ्या, झाला तरंगा. खाली मुगाएवढं शिसं. तरंगा दोरीवर वर-खाली सरकवून खोली अशी ठेवा की गळ कागदापासून दोन हात तरी वर राहील. उतारावर पाणी उथळ असतं हे विसरू नका. मृगळ तळाशी चरतो, त्याच्यासाठी गळ खाली सोडावासा वाटेल, तो मोह सोडा. रोहू मधल्या पाण्यात असतो, तिलापिया वरही येतो, तेवढे पुरेत. कटला वरच्या थरातलं बारीक खाद्य गाळून खातो, तो गळाला फारसा येत नाही, वाट बघू नका. आमिषाला कणकेचा घट्ट गोळा, त्यात थोडी पेंड. गांडुळावर तिलापिया लगेच येतो.

तरीही गळ अडकलाच तर काठी उचलून झटके देऊ नका. काठी दोरीच्या सरळ रेषेत आडवी करा, दोरी हाताला नव्हे, फडक्याला गुंडाळा, आणि हळूहळू मागं सरका. तंगूस हात कापते. दोरी तुटू द्या. आणि काठी हातातून सुटून पाण्यात गेली तर जाऊ द्या. ती तरंगत कडेला येईल. कुणीही तिच्यामागं जायचं नाही, लेकरांना पाठवायचं तर नाहीच. तळ्यात गाठी मारलेला दोर खांबाला बांधून सोडलेला असू द्या, आणि हवा भरलेली ट्यूब शेजारी.

वर बघायलाही विसरू नका. शेतातल्या विजेच्या तारा कुठं कुठं किती खाली आल्यात ते तुम्हाला माहीत आहे. बारा फुटांची काठी, त्यावर ओली दोरी, आणि वर तार. त्या बाजूच्या कडेला गळ टाकायचाच नाही. कुणी शहरातून कार्बनची काठी आणून दिली तर अजून सांभाळा, तिच्यातून वीज सहज जाते.

तुटलेली तंगूस तिथं टाकू नका. ती कुजत नाही. बगळ्या-टिटव्यांच्या पायात अडकते, चाऱ्याबरोबर शेळीच्या पोटात जाते. एक रिकामी बाटली गळ्यातल्या पिशवीत ठेवा, तुकडे त्यात. आणि रीळ उन्हात ठेवू नका. नायलॉनला ऊन खातं, छपरावर राहिलेली दोरी वर्षभरात कडक होते आणि ऐनवेळी तुटते. धान्याच्या कोठीमागं अंधारात ठेवा. दरवर्षी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा वापरताना शेवटचा दीड हात कापून नवा बांधा.

खरेदीला जाल तेव्हा गटानं मिळून ०.३० चं एक आणि ०.२५ चं एक, अशी दोन रिळं घ्या. शंभर मीटरच्या रिळात एका काठीला जेमतेम चार मीटर लागतात, म्हणजे वीस-पंचवीस काठ्या निघतील. प्रत्येकीनं वेगळं रीळ घ्यायची गरज नाही. दुकानात पट्टी आणि पेन्सिल घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या, दहा वेढे त्याच्यासमोरच घाला.

पुढच्या वेळी ओढजाळं भाड्यानं आणताना त्याच्या आसाचं माप कसं बघायचं, ते बोलू. तोवर कुणाला गाठ जमली नाही तर बैठकीला दोरी घेऊन या, करून दाखवते. नमस्कार.